खंडेनवमीला न थांबलेलं इंजिन

मी नाशकाहून बेळगावला गेले ती धाकट्या बहिणीकडे नवरात्रात चार दिवस राहायला, आणि परत आले ती मोटारीच्या एका इंजिनाचं कौतुक सांगत. हे इंजिन सलग दोन दिवस पळालं आणि तसूभरही पुढे सरकलं नाही. आमच्या सोसायटीतल्या बायकांना वाटलं होतं मी कुंद्याबद्दल आणि लोण्याबद्दल सांगेन. तेही सांगणार आहे. पण आधीच कबूल करते, मला मोटारींतलं ओ की ठो कळत नाही. सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे गेली, गाडीत बसलं की मळमळतं, आणि गाडी शिकायचा एकमेव प्रयत्न शेजाऱ्यांच्या कुंपणात संपला. तरी जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

निपाणी

कोल्हापूरपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. कोल्हापूरहून एसटीत बसले, कागल मागे पडलं, आणि कोगनोळीच्या टोलनाक्यानंतर दुकानांच्या पाट्यांवर कानडी गोल अक्षरं दिसू लागली. बाकी काहीच बदललं नाही. तोच ऊस, तीच माती, रस्ता ओलांडायला तितकाच वेळ घेणाऱ्या त्याच म्हशी. इथे राज्य बदलतं हे म्हशींना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

निपाणीच्या स्टँडवर शैलाचे यजमान मला घ्यायला आले होते. बहिणीचं नाव शैला, आणि तिच्या यजमानांना सगळं बेळगाव अण्णा म्हणतं, म्हणून मीही अण्णाच म्हणते. त्यांचं निपाणीत काही काम होतं, त्यामुळे पुढचा प्रवास त्यांच्या गाडीतून होणार होता. स्टँडबाहेर पाऊल टाकलं आणि तंबाखूच्या वखारींचा वास असा नाकात शिरला की मला शिंकांवर शिंका सुरू झाल्या. चहाच्या गाड्यावरचा माणूस किटली हलवत म्हणाला, "पावणं लांबचं दिसत्यात. निपाणीत नवं मानूस असंच वळखतंय."

चहा पिताना मी अण्णांना विचारलं की ते कारखान्यात नक्की बनवतात तरी काय. बहिणीचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण "मशिनरीचं काहीतरी" यापलीकडे मी कधी गेले नव्हते.

"आक्का, इंजिनात पिस्टन असतंय, ते वर-खाली हुतंय," अण्णा म्हणाले. "चाक मातर गोल फिराय पायजे. त्या वर-खालीचं गोल कराय मधी एक दांडा असतोय. त्यो दांडा आमी करतोय."

माझ्या चेहऱ्यावर काही उजेड पडला नसावा. त्यांनी थोडा विचार केला.

"शिवणाचं मशीन पायानं मारताय न्हवं? पाय वर-खाली, आन् वरचं चाक गोल. मधी खालनं वर गेलेली सळई असती बगा. तीच."

हे मात्र लख्ख कळलं. त्या सळईला माझी साडी अडकून फाटलेली आहे.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. तीस वर्षं ते दांडे करतात, पण त्यांच्या हातचा एकही दांडा त्यांच्या नावानं बाजारात गेलेला नाही. मोठ्या कंपन्या माल करून घेतात आणि त्यावर स्वतःचं नाव ठोकतात. आता त्यांच्या मुलीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, गौरीनं, कोइमतूरच्या एका मोटार-शर्यतवाल्या संघाशी बोलणं केलं होतं. शर्यत साधीसुधी नव्हे. सलग चोवीस तास चालते, चालक आळीपाळीने बदलतात, गाडी मात्र तीच. त्या गाडीच्या इंजिनात अण्णांचे दांडे घालून कसोटी घ्यायची. शर्यतीच्या दीडपट वेळ, म्हणजे छत्तीस तास, न थांबता इंजिन चाललं, तर संघ दांडे इथूनच घेणार, आणि तेही अण्णांच्या कारखान्याच्या नावानं.

"आणि नाही चाललं तर?" मी विचारलं.

"तर काय," अण्णा कप खाली ठेवत म्हणाले, "हाय तेच दुसऱ्याचं नाव ठोकत बसायचं."

हे बोलताना ते हसले, पण कप ठेवलेला हात लगेच खिशात घातला. तेव्हाच मला त्यांच्याबद्दल फार वाटलं.

शर्यतीच्या गाडीचे दांडे करणारा हा माणूस स्वतः गाडी चालवतो ती वरातीपुढं चालवावी तशी. वंटमुरीच्या घाटात उसाचा ट्रॅक्टर सोडला तर सगळ्यांनी आम्हाला मागे टाकलं. मी तक्रार केली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी गाडीतून मळमळल्याशिवाय उतरले.

लाईट नसलेला मंगळवार

गौरीनं इंजिनिअरिंग बेळगावातच केलं, मग काही वर्षं चाकणला नोकरी, आणि आता वडिलांच्या कारखान्यात. बोलते कमी, चालते भराभर. कसोटी मंगळवारी पहाटे सुरू करून बुधवारी संध्याकाळी संपवायची असं तिनं ठरवलं होतं. कसोटीची खोली तिच्या कारखान्यात नाही. ती उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतच, शेजारच्या एका कारखान्याची. दसऱ्याच्या सुट्टीत ती रिकामी असते म्हणून हेच दिवस मिळाले होते.

मंगळवारी सकाळी उठले तर गौरी अंगणात फोन कानाला लावून फेऱ्या मारत होती. उद्यमबागेत दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट बंद. इंजिन पेट्रोलवर चालतं हे खरं, पण त्याला थंड ठेवणारे पंखे, पाणी ओढणारे पंप, त्याची नाडी बघणारा कॉम्प्युटर, सगळं विजेवर. संध्याकाळपर्यंत काही होणार नव्हतं.

शैलानं मला खडेबाजारात नेलं. पूजेचं सामान घ्यायचं होतं, आणि मला घरात बसवून ठेवलं तर मी सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण करीन हे तिला माहीत आहे. बाजार दसऱ्याच्या गर्दीनं तुंबला होता. कोहळ्यांचे ढीग, लिंबांच्या पाट्या, केळीचे खुंट. दुकानदार एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात कानडी, आणि भाव सांगताना हिंदी. आमच्याकडे खंडेनवमीला स्कूटरला हार घातला की संपलं. इथे दुकानदार शैलाला विचारत होता, मशिनं किती, त्यानुसार लिंबं देतो. मी एका मिठाईच्या दुकानात उभ्यानं गरम कुंदा खाल्ला. दूध आटवून आटवून तपकिरी, रवाळ, बोटाला चिकटणारा. नाशिकला लोक बेळगावचा कुंदा म्हणून जे आणतात तो डब्यात बसून कंटाळलेला असतो, हे मी आता कुणालाही तोंडावर सांगायला तयार आहे. लोणी मात्र घरी न्यायचं राहिलं, कारण ते मी इथेच भाकरीवर संपवलं.

संध्याकाळी लाईट आली. पण रात्री जेवताना गौरी म्हणाली, "उद्या पहाटे चालू केलं की गुरुवारी संध्याकाळी संपंल," आणि अण्णांचा घास हातातच राहिला.

गुरुवारी खंडेनवमी होती.

आमच्यासारख्यांना यातली अडचण लगेच कळणार नाही. खंडेनवमीला उद्यमबागेत एकही मशीन फिरत नाही. आदल्या दिवशी पुसून, तेलाचा हात देऊन ठेवतात, सकाळी हळदकुंकू, फुलं, नारळ, कोहळा, आणि मग दसऱ्यापर्यंत बटणाला कुणी हात लावत नाही. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाचा हा एक विसाव्याचा दिवस.

"बाच्या टायमापास्नं आजवर मोडलं न्हाय," अण्णा म्हणाले.

"मधी थांबवलं तर पैल्यापासनं सुरू करायला लागतंय, अण्णा. आन् सेल्वम सरांना शनिवारी परत जायला पायजे."

सेल्वम म्हणजे कोइमतूरच्या संघाचे इंजिनिअर. ते आमच्याच पंगतीला बसले होते आणि मराठी कळत नसल्यामुळे शांतपणे आमटी ओरपत होते. गौरीनं त्यांना हिंदीत अडचण सांगितली. त्यांनी वाटी खाली ठेवली. "आमच्याकडेही आयुधपूजा असते," ते म्हणाले. "माझ्या आईला हे कळलं तर ती मला घरात घेणार नाही." म्हणजे त्यांच्याकडूनही अण्णांना धीर नव्हता.

अण्णा जेवण झाल्यावर बराच वेळ झोपाळ्यावर बसले. मग आत येऊन म्हणाले, "आमची सगळी मशिनं बंद ऱ्हातील. त्यात बदल न्हाय. पर ते इंजिन परीक्षेला बसलेलं पोर हाय. परीक्षेच्या हॉलातनं कोण पोराला पूजेला उठीवतंय? चालू दे. आमी भायेर हुबारून पूजा करतो."

गौरीनं उठून वडिलांचं ताट तेवढं उचललं. एरवी त्या घरात ताट ज्याचं त्यानं उचलायचं असतं.

उद्यमबाग

बुधवारी सकाळी मी पोचले तेव्हा इंजिन केव्हाचं सुरू झालं होतं. आवाज रस्त्यावरूनच ऐकू येत होता.

जाड भिंतींची एक खोली. आत लोखंडी चौथऱ्यावर इंजिन, आणि त्याला जोडलेलं एक यंत्र जे त्याला मोकळं फिरू देत नाही आणि थांबूही देत नाही. रस्त्याचा, चढाचा, वाऱ्याचा भार ते एकटंच देतं. शेजारच्या छोट्या खोलीत जाड काचेमागे गौरी आणि सेल्वम कॉम्प्युटरपुढे बसलेले. इंजिनातलं गरम पाणी बाहेरच्या भिंतीतल्या रेडिएटरमध्ये जाऊन थंड होऊन येतं. त्या भिंतीला दाराएवढी लोखंडी जाळी आहे आणि तिच्यामागे भला मोठा पंखा बाहेरची हवा आत खेचत असतो.

मला आधी तो नुसता गोंगाट वाटला. मग गौरीनं मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "मावशी, ऐक. आता सरळ रस्ता हाय." आवाज चढत चढत शिगेला गेला. "आता ब्रेक." एकदम खाली. "वळण... वळण संपलं... परत सरळ." कॉम्प्युटर इंजिनाला शर्यतीच्या रस्त्याचा फेरा देत होता, वळणांसकट. तोच फेरा पुन्हा पुन्हा. दुपारपर्यंत मला त्या न दिसणाऱ्या रस्त्याची इतकी सवय झाली की शेवटच्या तीव्र वळणाला मी खुर्चीत एका अंगावर कलत होते. सेल्वम हे बघून हसले आणि त्यांनी मला एक कानटोपासारखं काहीतरी आवाज अडवायला दिलं.

"पण हे सगळं कशासाठी? चांगलं इंजिन मरेस्तोवर का पळवायचं?" मी विचारलं.

"गाडीत मोडलं तर?" गौरी म्हणाली. "त्या वेगात दांडा तुटला तर त्यो इंजिनाची भिंत फोडून भायेर येतोय. गरम तेल सांडतंय, आग लागती. आत मानूस असतोय, मावशी. म्हणून मोडायचं ते हितंच मोडून बघायचं."

घरून आणलेल्या डब्यातल्या भाकरी आणि झुणका आम्ही आळीपाळीने खाल्ला. दुपारनंतर अण्णाही येऊन काचेमागे उभे राहिले. ते पडद्यावरच्या आकड्यांकडे बघतच नव्हते. डोळे मिटून ऐकत होते, आणि मधूनमधून मान हलवत होते, गाणं बरं चाललंय अशा अर्थी.

खंडेनवमी

गुरुवारी सकाळी उद्यमबाग ओळखू येईना. एरवीचा ठणठणाट, घरघर, कुठूनतरी येणारा घणाचा आवाज, सगळं गप्प. प्रत्येक कारखान्याच्या दाराला केळीचे खुंट, आत धुतलेली फरशी, आणि मशिनांवर हळदकुंकवाची बोटं. माणसं नव्या शर्टात. त्या शांततेत एकच आवाज होता, आमच्या इंजिनाचा. चढत होता, उतरत होता, वळणं घेत होता. येणारा-जाणारा थबकत होता.

अण्णांनी आधी स्वतःच्या कारखान्यात सगळ्या मशिनांची पूजा केली. दारात कोहळा फोडला. मग सगळे कसोटीच्या खोलीकडे निघाले. अण्णांचं मूळ गाव कडोली, आणि तिथल्या शेतातून त्यांच्या भावानं झेंडूची दोन पोती भरून पाठवली होती. त्या झेंडूचा एकेक गोंडा माझ्या मुठीत मावत नव्हता. शैलानं पहाटे उठून मनगटाएवढा जाड हार ओवला होता.

आता प्रश्न असा की हार घालायचा कशाला. चालू इंजिनाच्या खोलीत कुणालाही जायला बंदी. बाहेरून काही दिसतही नाही. दिसते ती फक्त जाळी, आणि तिच्यामागून येणारा आवाज. अण्णांनी जाळीसमोर हात जोडले, हळदकुंकू लावलं आणि हार जाळीच्या वरच्या कडीला बांधला. मग ओंजळभर फुलं वाहिली.

आणि ती फुलं खाली पडली नाहीत. जाळीला जाऊन चिकटली.

"घेटलं! देवीनं फूल घेटलं!" बसाप्पा ओरडले. बसाप्पा म्हणजे पलीकडच्या फौंड्रीचे मालक, घरात कानडी आणि बाहेर आमच्याहून मोठ्या आवाजात मराठी. बेळगावकडे देवाला कौल लावतात. फूल कुठल्या अंगाला पडतं त्यावरून होय की नाही ठरतं. इथे तर फूल पडतच नव्हतं. याहून चांगला कौल कुठला? मग काय, ज्याच्या त्याच्या हातात झेंडू. बसाप्पांनी वाहिला, त्यांच्या कामगारांनी वाहिला, रस्त्यावरून आरतीचं ताट घेऊन चाललेल्या बायका थांबल्या. मीही दोन ओंजळी वाहिल्या आणि मनातल्या मनात म्हणाले, आई, या माणसाचं नाव राहू दे. बघता बघता ती काळी जाळी खालपासून वरपर्यंत पिवळीधमक झाली. इतकी सुंदर दिसत होती की मी फोटो काढला.

मग मी हा आनंद सांगायला आत गेले.

आत गौरी उभी होती. सेल्वमही उभे. पडद्यावर एक रेघ पिवळ्या पट्ट्यात शिरून लाल पट्ट्याकडे चढत होती.

"तेल तापतंय," गौरी माझ्याकडे न बघता म्हणाली. "पाणी बी. कारण समजंना. पंप बरोबर हाय, पंखा फिरतोय."

सेल्वम म्हणाले, "भार कमी करू या."

"भार कमी केला तर ती शर्यत ऱ्हाईल का, सर?"

"लालला पोचलं तर ते आपोआप बंदच होईल. मग काहीच राहणार नाही."

माझ्या हातात फोन होता, आणि फोनवर पिवळ्याधमक जाळीचा फोटो. एकदम डोक्यात उजेड पडला.

"गौरी, जाळीला सगळेजण फुलं वाहतायत गं."

तिनं फोटो बघितला आणि जी धावली ती मी तिच्या मागे बाहेर येईपर्यंत जाळीपाशी पोचली होती. तिनं हाराला हात घातला तसा सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "आगं!" वाहिलेली फुलं, तीही खंडेनवमीची, आरती अजून व्हायची. एक बाई तिचा हात धरून म्हणाली, "पोरी, काडू नगंस, अपशकुन हुतोय!" गौरीचा हात हारावरच थांबला. तिनं बापाकडे पाहिलं.

अण्णांनी काय झालं ते विचारलं नाही. मुलीचा चेहरा आणि आतून येणारा आवाज, दोन्हींकडे एकदा लक्ष दिलं. आवाज खरंच बदलला होता. माझ्यासारखीलाही तो घसा धरल्यासारखा वाटला. ते पुढे आले, खांद्यावरचं नवं उपरणं जमिनीवर अंथरलं आणि स्वतः बांधलेला हार स्वतःच सोडला.

"देवीला पोचलं समदं," ते म्हणाले. "आता पोराचं नाक मोकळं करा. बसाप्पा, बघत काय हुबारलाय? लावा हात!"

मग जी माणसं फुलं वाहत होती तीच ओरबाडून काढू लागली. पाकळ्या जाळीच्या भोकांत रुतल्या होत्या. नखांनी, किल्ल्यांनी, हळदीकुंकवाच्या चमच्यांनी. बायकांनी केसांतल्या पिना काढल्या. प्रत्येक मूठभर फुलं उपरण्यावरच पडत होती, एकही पाकळी कुणी पायदळी येऊ दिली नाही. बसाप्पा एकीकडे पाकळ्या ओढत होते आणि एकीकडे कानडीत देवीची माफी मागत होते. गौरी आत पळाली. आम्ही कान लावून उभे राहिलो. हळूहळू तो कोंडलेला सूर मोकळा झाला, सरळ रस्त्यावर पहिल्यासारखा शिगेला चढला, आणि काचेच्या दारातून गौरीनं अंगठा वर केला.

लोकांनी आरती म्हटली ती अशी की मला आजवरच्या सगळ्या आरत्या पुटपुटल्यासारख्या वाटायला लागल्या.

आत सेल्वम खुर्चीत बसून डोकं धरून हसत होते. "इतकी गरम चाचणी करायची माझी हिंमत झाली नसती," ते म्हणाले. "शर्यतीत जाळीवर प्लास्टिकची पिशवी येऊन बसते, तेव्हा असंच होतं. पण ते मुद्दाम कोण करून बघतं?" आणि भार शेवटपर्यंत एका कणानंही कमी केलेला नव्हता.

संध्याकाळी वेळ पूर्ण झाली. एव्हाना ते काश्मीरला जाऊन परत आलं असतं, असं गौरी म्हणाली. सेल्वमनी अण्णांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "दांडे तुमचे, नाव तुमचं." अण्णा नुसतेच मान हलवत राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही. आता इंजिन बंद होणार म्हणून सगळे काचेपाशी गोळा झालो.

"बंद करू नका," गौरी म्हणाली.

अण्णा दचकले. "आगं, पास झालंय की. आता कशापाय?"

"पास झालं एवढंच कळलं, अण्णा. दम किती हाय ते कुठं कळलंय? कवा मोडतंय ते मला बघायचंय."

"आन् आपलाच दांडा मोडला तर?"

"तर तेबी मला आताच कळाय पायजे."

सेल्वमनी हरकत घेतली नाही; कसोटीचं इंजिन शर्यतीला न्यायचं नव्हतंच, मोडलं तरी चालणार होतं. त्यांचं काम झालं होतं. अण्णांचंही झालं होतं. तिथं थांबले असते तर नाव पक्कं होतं. अण्णा काचेतून आत बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "व्हय. चालू दे." मला त्या क्षणी दोघांचा इतका अभिमान वाटला की नाशिकच्या माझ्या सगळ्या सरळमार्गी, परीक्षा संपताच पुस्तकं विकून टाकणाऱ्या नातेवाइकांची मला लाज वाटली.

दसरा

शुक्रवारी सकाळी आम्ही श्रीखंड-पुरी वाढायच्या तयारीत होतो, तेवढ्यात गौरीचा फोन आला. थांबलं. आपणहून.

आम्ही पोचलो तेव्हा उद्यमबाग पूर्ण शांत होती. इतक्या वेळच्या आवाजानंतर त्या शांततेत मला चुकचुकल्यासारखं वाटलं. इंजिन निवायला वेळ लागला, उघडायला त्याहून जास्त. अण्णा बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. आत आले नाहीत.

दुपारी गौरी आणि सेल्वम एक एक भाग काढून पांढऱ्या कापडावर मांडू लागले. मोडली होती ती झडप दाबून धरणारी एक स्प्रिंग. ती सेल्वमनीच कोइमतूरहून आणलेली होती, आणि त्यांनी ते स्वतःच खाली मान घालून सांगितलं. स्प्रिंग तुटली, झडप आत पडली, पिस्टनवर आदळली. त्या पिस्टनचे तुकडे झाले होते. मग गौरीनं त्याच्या खालचा दांडा बाहेर काढला.

तो वाकला होता. थोडासा नव्हे, चांगला कमानीसारखा.

अण्णा दारात येऊन उभे होते. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "वाकला गं," ते म्हणाले. आपल्याकडे न वाकण्याचं कोण कौतुक. तीस वर्षं सरळ दांडे करणाऱ्या माणसाला हे बघणं सोपं नव्हतं.

"अण्णा, वाकला," गौरी म्हणाली. "तुटला न्हाय."

सेल्वमनी इंजिनाच्या बाहेरच्या भिंतीवर चहूबाजूंनी हात फिरवला, बॅटरी मारून आतून बघितलं. कुठे भोक नाही, तडा नाही. "एवढा मार बसल्यावर मी आजपर्यंत जेवढे दांडे पाहिले, ते भिंत फोडून बाहेर आलेले पाहिले," ते म्हणाले. "हा सगळा मार अंगावर घेऊन आतच राहिला. आमचा चालक या गाडीतून उतरून चालत परत आला असता." त्यांना तो वाकलेला दांडा कोइमतूरला न्यायचा होता, संघाला दाखवायला.

मी हे अण्णांना मराठीत सांगायला गेले, पण त्यांना कळलं होतं. त्यांनी दांडा दोन्ही हातांत घेतला, कमानीवरून अंगठा फिरवला, उजेडात धरून कुठे बारीकशी चीर आहे का बघितली. नव्हती.

"ह्यो न्हाय देत," ते सेल्वमना म्हणाले. "दुसरे पायजे तेवढे न्ह्या."

मग ते मुलीकडे वळले. दसऱ्याला सोनं लहानांनी मोठ्यांना द्यायचं असतं आणि पाया पडायचं असतं. नाशिकला तसं, बेळगावलाही तसंच. अण्णांनी उलटं केलं. तेलानं माखलेल्या गौरीच्या हातांत तो वाकडा दांडा ठेवला आणि म्हणाले, "सोनं घे, गौरी."